ड्रॅगनची व्हरायटी नावावर घेऊ नका, फूल बघून घ्या



गेल्या पंधरा दिवसांत चौथा फोन आला. चौघांचंही दुखणं एकच. "दादा, बाग दुसऱ्या वर्षाची आहे. कळी भरपूर निघाली. रात्री फुलं अशी उमलली की गाव बघायला आलं. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी सगळी पिवळी पडून खाली. आता कशाची फवारणी घेऊ?"

मी चौघांनाही एकच विचारलं, "बागेत व्हरायटी किती?"

चौघांनीही अभिमानानं सांगितलं, "एकच. शुद्ध हायब्रीड लाल. महागाची आहे दादा."

मंडळी, दुखणं तिथंच आहे. फवारणीत नाही, खतात नाही, जमिनीत नाही. आज जरा कडक लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या, पण पूर्ण वाचून मग रागवा.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या ड्रॅगनच्या फुलाचं वागणं विकणाऱ्याला सांगता येत नाही, त्या ड्रॅगनला व्हरायटी म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका. ते नाव नाही, ते पोत्यावरचं लेबल आहे. आणि हे मी दुसऱ्यांना शिकवायला लिहीत नाही. यात माझे स्वतःचे पैसे गेलेत, आणि पैशापेक्षा मोठं काहीतरी गेलंय. ते शेवटी सांगतो.

आधी माझ्या बागेचं. सांगोला तालुक्यातली मुरमाड जमीन. इथं डाळिंबाचं काय झालं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेल्या झाला, मर झाली, शेवटी खोडाला भोकं पाडणारी कीड आली आणि बाग काढली. मग सगळ्यांसारखं मीही ड्रॅगनकडं वळलो. कमी पाणी, निवडुंगाचं कूळ, मुरमात येतं, फवारणी कमी. यातलं खोटं काहीच नाही. ड्रॅगन हे चांगलंच पीक आहे, माझं भांडण पिकाशी नाही.

२०२० च्या पावसाळ्यात एक एकर लावलं. १२ बाय ८ फुटांवर पोल, म्हणजे एकरी साधारण ४५० पोल. पोलला चार रोपं, म्हणजे १८०० रोपं. साधी पांढरी कटिंग तेव्हा मला ३५ रुपयांत मिळत होती. नर्सरीवाल्यानं मला इंग्रजी नावाची "हायब्रीड" लाल ११० ला दिली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं बघाल, त्या नावाला काही अर्थच नव्हता. तो म्हणाला, "दादा, डोळे झाकून लावा. सेटिंगची कटकट नाही. स्वतःच धरते." मी डोळे झाकले. फरकाचेच १ लाख ३५ हजार जास्त गेले. पोल, रिंग, ठिबक, शेणखत वेगळं. थोडं सोसायटीचं, थोडं बँकेचं.

२०२२ च्या जूनमध्ये पहिली मोठी कळी आली. रात्री बॅटरी घेऊन बागेत हिंडायचो, मोबाईलवर फोटो काढायचो. आठ दिवसांनी खाली पिवळ्या फुलांचा सडा. दुकानदार म्हणाला बोरॉन कमी आहे. बोरॉन दिलं. दुसरा म्हणाला टॉनिक घ्या. घेतलं. तिसरा म्हणाला मधमाश्यांच्या पेट्या ठेवा. ठेवल्या. तीन फ्लश गेले. फळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही लिंबाएवढी.

आता मुद्द्याचं.

ड्रॅगनची व्हरायटी म्हणजे बियाण्याची व्हरायटी नव्हे. ती एका झाडाची फांदी. ती फांदी कापून लावली, तिच्या फांद्या परत कापून लावल्या, असं करत तुमच्या बागेत १८०० पोचल्या. म्हणजे माझ्या रानात १८०० झाडं नव्हतीच. एकाच झाडाचे १८०० तुकडे होते.

बऱ्याच लाल गराच्या जातींत फुलाला गोत्र कळतं. स्वतःचाच परागकण वर पडला तर फूल त्याला आत वाढू देत नाही. सगोत्र लग्न मोडावं तसं मोडून टाकतं. मग त्या फुलावर शेजारच्या पोलचा पराग आला तरी उपयोग नाही, कारण शेजारचा पोलही तेच झाड. मधमाशीनं हजार फेऱ्या मारल्या तरी ती तोच पराग इकडून तिकडं नेते. पेट्या वाढवून गोत्र बदलत नाही. बोरॉननंही बदलत नाही.

हे शास्त्र काही नवं नाही. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात बेन-गुरियन विद्यापीठात योसेफ मिझराही आणि अविनोआम नेर्ड यांनी १९९० च्या दशकातच या निवडुंगांच्या परागीभवनाचं काम केलं. लाल जातींना परका पराग लागतो, तो हातानं लावता येतो आणि साठवता येतो, हे तेव्हापासून माहीत आहे. ते माझ्या बिलावर मात्र लिहिलेलं नव्हतं.

आपल्या कामापुरते ड्रॅगनच्या फुलाचे तीन प्रकार समजून घ्या.

पहिला, स्वतःच धरणारा. रात्री फूल उमलतं, पराग आपोआप लागतो, फळ धरतं. पांढऱ्या गराच्या बऱ्याच जाती या प्रकारातल्या.

दुसरा, स्वतःचा पराग चालतो पण पोचत नाही. फुलाच्या मधली चांदणीसारखी बाहेर आलेली दांडी परागाच्या झुबक्यापेक्षा उंच असते. माशीनं किंवा माणसाच्या ब्रशनं हात लावला की धरतं, नाहीतर गळतं.

तिसरा, स्वतःचा पराग चालतच नाही. याला परकीच व्हरायटी पाहिजे, त्याच रात्री फुललेली, नाहीतर साठवलेला पराग.

नर्सरीत यातला कोणता प्रकार आहे हे सांगतात का? लाल, पांढरा, गुलाबी, जंबो, तैवान, सियाम, सी व्हरायटी हे सांगतात. वजन सांगतात, एकरी टन सांगतात. फूल कसं वागतं हे कोणी सांगत नाही. बाग चालणार की नाही हे ठरवणारी गोष्ट तेवढीच, आणि तेवढीच गाळलेली.

इथं मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे, कारण ती सगळे करतात. रोपं घ्यायच्या आधी आम्ही पाच जण गाडी करून नर्सरीत गेलो होतो. डेमो प्लॉट बघितला. माझ्या त्याच लाल व्हरायटीच्या पोलवर अर्धा अर्धा किलोची फळं लटकलेली. आपल्याला वाटतं, डोळ्यांनी बघितलं, आता फसायचं काय? पण त्या अर्ध्या एकरात आठ-दहा व्हरायटी शेजारी शेजारी होत्या! तिथं सगळंच सेट होणार. एका रात्री पाच जातींचे पराग हवेत आणि माश्यांच्या पायांवर. डेमो प्लॉट खोटा नव्हता. पण तो प्लॉट दहा व्हरायटींचा आणि मला विकलेली बाग एका व्हरायटीची. फळ दाखवलं त्याचं, झाड दिलं हे.

"आमच्या गावात अमक्याची तीच लाल चांगली धरते की" असं म्हणणाऱ्यांनीही एकदा त्याच्या बांधापलीकडं बघून यावं. बहुतेक वेळा शेजारी पांढऱ्याची बाग निघते. तो शेजाऱ्याच्या परागावर फळ काढतोय, आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नाही. उद्या शेजाऱ्यानं बाग काढली की कळेल.

आता "हायब्रीड" या शब्दाचं बघू. कापसाचं, मक्याचं हायब्रीड आपल्या डोक्यात बसलेलं आहे. तिथं हायब्रीड म्हणजे जोम आणि जास्त उतारा. ड्रॅगनमध्ये हायब्रीड म्हणजे एवढंच, की कुणीतरी एका जातीचा पराग दुसऱ्या जातीला लावला, त्या फळातल्या बिया पेरल्या, त्यातलं एक रोप निवडलं आणि त्याच्या फांद्या वाटल्या. प्रत्येक बी वेगळी. एक भाऊ गोड, दुसरा पाणचट, एक स्वतः धरणारा, दुसरा न धरणारा. हायब्रीड आहे म्हणजे चांगलंच आहे, असं काही नसतं. कोणतं रोप निवडलं आणि ते किती वर्षं तपासलं, त्यावर सगळं आहे.

कॅलिफोर्नियात पॉल थॉमसन नावाच्या गृहस्थानं पांढऱ्या आणि लाल जातींचे असे बरेच संकर केले. फिजिकल ग्राफिटी, डार्क स्टार, पर्पल हेझ अशी त्यांची नावं. ही रॉक संगीतातल्या गाण्यांची आणि अल्बमचीही नावं आहेत. छान व्हरायटी आहेत, चवीला नावाजलेल्या. पण तिकडचा बागायतदार फिजिकल ग्राफिटी घेताना आधीच समजून घेतो की याला परका पराग लागतो. म्हणून तो शेजारी शुगर ड्रॅगनसारखी एखादी लावतो. तिचं फळ लहान, पण ती स्वतः धरते आणि दुसऱ्यांना पराग पुरवायला प्रसिद्ध आहे. तिकडं माहिती आणि रोप एकत्र विकलं जातं. आपल्याकडं नुसतं नाव विमानानं आलं. माहिती तिकडंच राहिली.

पिवळ्याचंही तसंच. काट्याची पिवळी, जिला पालोरा म्हणतात, ती इक्वेडोरकडची. गोडीला ड्रॅगनमध्ये सगळ्यात वरची. स्वतः धरते. मग लावावी का एकरभर? थांबा. लालचं फळ फुलापासून महिन्या-सव्वा महिन्यात तयार होतं, पिवळीला कित्येक महिने लागतात. फळ लहान, त्यावर काटे, काढणीला मजूर कुरकुरतो, आणि आपला एप्रिल-मेचा चटका तिला सोसत नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रं ४४, लाल-पांढऱ्याच्या पेशीत २२. या दोघांचा संकर केला तर मधलीच संख्या येते, ३३. असे संकर इस्रायलमध्ये करून बघितलेत. पण अशा झाडाचा पराग कमजोर असतो, त्याच्या भरवशावर दुसरी बाग धरायची नाही. उद्या कोणी "पिवळी-लाल क्रॉस" म्हणून २०० रुपयांना कांडी विकायला आला, तर त्याला आधी हे विचारा. तो पुढच्या गावाला निघून जाईल.

निवडुंगाच्या नावावर शेतकऱ्याला गंडवणं नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ल्यूथर बरबँक हा फार मोठा वनस्पती पैदासकार होऊन गेला. बटाट्याची बरबँक जात त्याचीच. माणूस खरा हुशार. त्यानं फड्या निवडुंगाचे संकर करून बिनकाट्याचा निवडुंग काढला आणि १९०७ मध्ये त्याचा कॅटलॉग छापला. वाळवंटात चारा पिकेल, दुष्काळ संपेल अशी हवा झाली. एकेका पानाला वेड्यासारखे भाव आले. मग त्याच्या नावानं विकणारी कंपनी निघाली. मागणी पुरी होईना तेव्हा साध्याच निवडुंगाचे काटे घासून, भाजून तो माल बिनकाट्याचा म्हणून खपवला गेला, असं त्याच्या चरित्रांत लिहिलेलं आहे. लावल्यावर काटे परत आले. आणि जे खरे बिनकाट्याचे होते त्यांना सुरुवातीला पाणी लागत होतं, कुंपण लागत होतं, कारण काटा नाही म्हटल्यावर ससासुद्धा खातो. काही वर्षांतच कंपनी बुडाली. पैदास खरी होती, विक्री खोटी होती. भोगलं कुणी? पान लावणाऱ्यानं.

अजून एक उदाहरण देतो, तुमच्या घरातही असेल. शहरातल्या नर्सरीत कुंडीत लाल, पिवळा, गुलाबी गोळा असलेला कॅक्टस मिळतो. पोरं हौसेनं आणतात. जपानमध्ये १९४१ च्या सुमारास रोपांत हिरवा रंगच नसलेली रोपं निघाली, त्यातून ती जात आली. हिरवेपणा नाही म्हणून तो गोळा स्वतःचं अन्न करू शकत नाही, त्याला दुसऱ्या निवडुंगावर कलम करावं लागतं. ते खालचं तीन धारी हिरवं खोड बघा नीट. बहुतेक वेळा ते आपलंच ड्रॅगन असतं! माझ्या पोरीनं आणलेल्याचा गोळा दीड वर्षात सडला आणि खालचं ड्रॅगन फुटून वर आलं. वर शोभेचं नाव, खाली जगवणारं झाड. विकत घेताना आपण वरचंच बघतो.

आता काहीजण म्हणतील, नर्सरीवाल्यांना का शिव्या देता? मी देत नाही. बरेचसे नर्सरीवाले प्रामाणिक आहेत. त्यांनीही कुणाकडून तरी नावावरच कटिंग आणलेली असते. आणि कांडी बघून व्हरायटी ओळखणं तज्ज्ञालाही अवघड. एकदा ट्रॉलीत दोन गठ्ठे एकमेकांत मिसळले की ते नाव कायमचं गेलं, कारण पुढची प्रत्येक कांडी ती चूक घेऊनच वाढते. माझ्याच बागेत नंतर तीन प्रकार निघाले. काही पोलवर गर पांढरा! ११० रुपयांची शुद्ध हायब्रीड लाल.

पण प्रामाणिक अज्ञानाचंही बिल शेतकऱ्यानंच का भरायचं? केंद्रानं २०२२ मध्ये पाच वर्षांत ५० हजार हेक्टर ड्रॅगनचं उद्दिष्ट सांगितलं. एकरी १८०० नं हिशोब करा. वीस कोटींच्या वर कटिंग लागतात. या वीस कोटी कांड्यांचं मूळ कोण तपासणार? अनुदानासाठी पोलची उंची मोजतात, रोपांची संख्या मोजतात. फूल सगोत्र आहे का, हा रकाना त्या कागदावर का नाही?

कृषी खात्यातले, केव्हीकेमधले बरेच साहेब ही नोंदवही वाचतात म्हणून त्यांना हात जोडून विनंती. शिफारस देताना "लाल गराची जात लावावी" एवढ्यावर थांबू नका. जात, तिचं मूळ कुठलं, फूल तीनपैकी कोणत्या प्रकारात, कोणत्या महिन्यांत कळी, कोणती जोडीदार चालते, एवढा पाच रकान्यांचा तक्ता द्या. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था मुरमाड जमिनीतल्या ड्रॅगनवर काम करते, कर्नाटकात हिरेहळ्ळीला आयआयएचआरचं केंद्र आहे. आपल्याकडं शास्त्रज्ञ नाहीत असं नाही. पाहिजे तो कागद बांधापर्यंत येत नाही एवढंच.

तोपर्यंत आपण काय करायचं? मी जे करतो ते लिहितो.

१) रोप घेण्याआधी मातृझाड फुलात असताना बघायचं. फळात नाही, फुलात. विकणाऱ्याला सांगायचं, चार कळ्यांना संध्याकाळी उमलायच्या आधी पातळ कापडी पिशवी बांधू द्या. आठ दिवसांनी परत येतो. पिशवीतलं फूल आपोआप धरलं तर पहिला प्रकार. तो नाही म्हणाला तर दुसरीकडं जायचं.

२) बिलावर व्हरायटीचं नाव आणि "स्वतः सेट होते" किंवा "होत नाही" हे लिहून घ्यायचं. बियाण्याच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच स्पष्ट केलंय. पण ग्राहक आयोगात तोंडी "डोळे झाकून लावा" चालत नाही, कागद लागतो. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात भरपाईची तरतूद आहे, पण ती नोंदणी झालेल्या वाणाला. म्हणून वाण नोंदणीकृत आहे का, हेही विचारायचं.

३) नवीन व्हरायटी एकदम एकरभर नाही. दहा पोल. दोन पावसाळे बघायचं. आपल्या उन्हात फांदी भाजते का, खोडावर तांबूस चट्टे आणि कुज येते का, हे दुसऱ्याच्या रानातून कळत नाही. आणलेली कटिंग आठवडाभर सावलीत सुकवून, वेगळ्या जागी लावायची. रोग बहुतेक वेळा कटिंगबरोबरच घरात येतो. कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करायची.

४) एका व्हरायटीची बाग लावायचीच नाही. दर पाचव्या पोलला दुसरी, त्याच वेळी फुलणारी आणि पराग देणारी व्हरायटी. त्या पोलला रंग मारायचा आणि वहीत नकाशा काढून ठेवायचा. कटिंग काढताना घोळ होतो तो इथंच.

५) ज्यांची बाग आधीच माझ्यासारखी अडकली आहे त्यांनी उपटू नका. बाग वाचते. आधी खात्री करा. उमलायच्या आधी तीस कळ्यांना पिशव्या बांधा आणि तीन रंगांचे दोरे लावा. दहा तशाच सोडा. दहांना रात्री आपल्याच व्हरायटीचा पराग ब्रशनं लावून पिशवी परत बांधा. दहांना शेजाऱ्याच्या पांढऱ्याचा. आठवड्यानं बघा. धरलेल्या फुलाच्या पाकळ्या वाळतात पण बूड हिरवं राहतं, न धरलेल्याचं बूड पिवळं पडतं. माझ्याकडं पहिल्या दोन दोऱ्यांची जवळजवळ सगळी गळाली आणि तिसऱ्या दोऱ्याची जवळजवळ सगळी धरली. तीन फ्लशची औषधं एका आठवड्याच्या दोऱ्यानं खोटी ठरवली. फक्त एक ध्यानात ठेवा, उमलायच्या आधीच कळी गळत असेल तर तो पाण्याचा, उष्णतेचा किंवा अन्नाचा प्रश्न असू शकतो. उमलल्यावर गळत असेल तरच ही परीक्षा.

६) हातानं पॉलिनेशन वाटतं तेवढं अवघड नाही. फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं. रात्री आठनंतर पराग वाटीत झाडून घ्यायचा, मऊ ब्रशनं दुसऱ्या व्हरायटीच्या चांदणीला नीट, सगळीकडून लावायचा. कंजूषपणा नको, कारण आत जितक्या बिया धरतात तितकं फळ भरतं. दोन्ही जाती एका रात्री फुलल्या नाहीत तर पराग सावलीत कोरडा करून, हवाबंद डबीत फ्रीजमध्ये ठेवायचा. ओलसर ठेवला तर बुरशी येते. घरची दोन माणसं असली की एका फ्लशचं काम उरकतं. आमच्याकडं मी आणि बायको करतो, डोक्याला बॅटरी लावून.

आता ते, जे शेवटी सांगतो म्हणालो होतो.

२०२१ च्या पावसाळ्यात, माझ्या बागेत एकही फळ लागायच्या आधी, मी माझ्या मेव्हण्याला ४०० कांड्या दिल्या. जत तालुक्यात शंभर पोल. ४० रुपयांनी १६ हजार घेतले आणि वर म्हणालो, स्वस्तात देतोय, बाहेर ११० आहे. नाव तेच सांगितलं. "स्वतः धरते" हेही सांगितलं. नर्सरीवाल्याचं वाक्य, जसंच्या तसं, माझ्या तोंडातून.

२०२२ च्या पावसाळ्यात दोऱ्याच्या परीक्षेनं मला खरं कळलं. तेव्हाच फोन करायला पाहिजे होता. केला नाही. लाज वाटली. म्हटलं, बघू, कदाचित त्याच्याकडं धरेल. त्याच वेळी सांगितलं असतं तर त्यानं पांढरी लगेच मधे लावली असती, नाहीतर पहिल्या फुलाला माझ्याकडून पराग नेला असता. २०२३ ला त्याची सगळी फुलं गळाली तेव्हा त्याचाच फोन आला. मी सगळं सांगितलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दाजी, तुमच्या घरचं होतं म्हणून काही विचारलंच नाही."

१६ हजार परत दिले. पांढऱ्याच्या कांड्या स्वतः नेऊन लावून दिल्या. आता त्याची बाग धरते. पण तो हंगाम मी त्याला परत देऊ शकत नाही.

म्हणून म्हणतो, नर्सरीला शिव्या देऊन सुटू नका. ड्रॅगन लावणारा प्रत्येक शेतकरी दुसऱ्या वर्षी नर्सरीवाला होतो. छाटणीच्या फांद्या आपण पाहुण्यांना देतो, मित्रांना देतो, विकतो. आपण दिलेल्या प्रत्येक कांडीबरोबर एक नाव जातं, आणि त्या नावावर कुणीतरी पोल उभे करतो.

मी आता कुणाला कटिंग दिली तर सोबत चिठ्ठी देतो. त्यावर चार ओळी असतात. कुठून आणली. माझ्या बागेत किती वर्षं आहे. पिशवी बांधून फूल धरतं का. कोणती जोडीदार चालली. ज्याचं उत्तर मला माहीत नाही तिथं "माहीत नाही" असं लिहितो, आणि त्या कांडीचे पैसे घेत नाही.

तुमच्याकडं जी व्हरायटी आहे तिच्या या चार ओळी खाली लिहा. तालुका लिहायला विसरू नका. शंभर जणांनी लिहिलं तर जो तक्ता आपल्याला कुणी दिला नाही तो इथंच तयार होईल. आणि यंदा कुणाला रोपं घ्यायची असतील तर जरा थांबा. कळी निघू द्या. पिशवी आणि दोरा घेऊन जा.